‘सॉफ्ट केलेला’ सिनेमा : मराठीत काय म्हणाल?

कोरांटी : एका लेखाचं भाषांतर करतेय. प्राण्यांच्या जुन्या कादंबऱ्यांवर सिनेमे काढताना त्या कशा सॉफ्ट करून टाकतात, असा विषय. मुख्य उदाहरण जॅक लंडनची ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३). पुस्तकात बक आणि स्पिट्झ ह्या स्लेज (बर्फावरची गाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांची झुंज होते त्यात स्पिट्झ मरतो, बाकीचे कुत्रे गोल करून तो पडायचीच वाट बघत असतात. २०२० च्या सिनेमात बक त्याला खाली दाबतो आणि सोडून देतो, मग तो आपला मुकाट निघून जातो. तर ह्या प्रकाराला शब्द काय? मी ‘सौम्य केलेलं रूप’ लिहिलं, तर नवरा म्हणे खोकल्याचं औषध वाटतंय. उद्या द्यायचंय.

जुना_कोश : मवाळ. मृदु, मउ, मऊ, मवाळ. इतका सरळ शब्द असताना ‘सॉफ्ट’ कशाला हवं?

अळणी_आमटी : मवाळ म्हटलं की मला गोखलेच दिसतात हो, शाळेत जहाल-मवाळ एवढं घोकलंय. आणि मवाळ माणूस मुळातच मवाळ असतो, इथे तर कुणीतरी मुद्दाम दात काढलेत. मिळमिळीत म्हणा, नाहीतर सपक.

जुना_कोश : मिळमिळीत हे मत झालं. भाषांतरकाराने मूळ लेखात आपलं मीठ टाकू नये.

वैनगंगाकाठ : माणसाळवलेला म्हणा ना. सिनेमातला बक सगळा कॉम्प्युटरवर केलेला, भुवया उडवते, लाजते, पश्चात्ताप पण करते. कुत्र्याचा माणूसच करून ठेवला बाप्पा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात.

जुना_कोश : माणसाळतो तो प्राणी. सिनेमा कसा माणसाळेल?

अळणी_आमटी : का नाही? आमचा जावईसुद्धा दोन वर्षांनी माणसाळला.

कोरांटी : शब्द झकास आहे पण मग पुढे अडतं. कादंबरी नेमकी उलटी जाते ना. बक कॅलिफोर्नियात न्यायाधीशाच्या बंगल्यावरचा लाडावलेला कुत्रा, त्याला चोरून विकतात, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं शोधायला लोकांची झुंबड उडते, त्या धावपळीत तो बर्फात गाडी ओढतो आणि शेवटी लांडग्यांत जातो. ह्या जाण्याला क्रियापद आहे का आपल्याकडे? रानटी होणं म्हटलं तर शिवी वाटते.

वैनगंगाकाठ : रानाळणे! रक्ताळणे, माणसाळणे, तसं रानाळणे.

जुना_कोश : असे शब्द पाडायचे नसतात. रानवट आहे की.

अळणी_आमटी : रानवट हे विशेषण झालं. तिला क्रियापद हवंय. आणि सगळेच शब्द कधीतरी कुणीतरी पाडलेत.

उसाचा_फड : आमच्या सांगलीकडं रानात जातो म्हणजे शेतात जातो. बक रानाळला म्हटल्यावर मला तर तो उसाला पाणी पाजायला गेलेला दिसतोय 😄

जुना_कोश : रान अरण्यापासूनच आलाय. शेताला रान म्हणणं ही नंतरची ओढाताण.

उसाचा_फड : ओढाताण काय, आजा-पणज्यापासून बोलतोय आम्ही. कोश बघून बोलत न्हाई.

वैनगंगाकाठ : ते सोडा, खरी चीड ‘जंगल बुक’ची आहे. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यातली गोष्ट. पुस्तकात ‘का’ नावाचा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवायला जाते, १९६७ च्या सिनेमात त्यालाच खलनायक केलं. मग सॉफ्ट केलं कसं म्हणता? आणि शेरखान पुस्तकात म्हशींच्या पायाखाली मरते, मोगली त्याचं कातडं सोलते. सिनेमात शेपटीला पेटती फांदी बांधली की वाघ पळाला.

अळणी_आमटी : माझी नात सहा वर्षांची आहे, तिला कातडं सोलताना दाखवू का? बरंच केलं पळवला ते.

वैनगंगाकाठ : वाघ असा पळत नसते पण!

कोरांटी : अहो, क्रियापद.

जुना_कोश : ‘वन्यावस्थेत परतणे’.

अळणी_आमटी : हे वनखात्याचं पत्र झालं.

उसाचा_फड : आता तर बिबट्या उसातच राहतोय, जुन्नरकडं पिल्लंबी फडातच घालतोय. म्हणजे आमचं रान ते अरण्यच की हो कोशवाले.

जुना_कोश : मग त्या पिल्लांना माणसाळलेली म्हणणार?

उसाचा_फड : हात लावून बघा एकदा.