मूळ रॉड-पिस्टनवर ४०० पीएस: करू की नको, भांडा

कसाऱ्याचं_वळण (धागाकर्ता)

ट्यूनरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी एकदा इथे भांडून घ्यावं म्हणून धागा काढतोय.

गाडी २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस २४५. भारतात २०० च आल्या, त्यातली एक गंगापूर रोडला माझ्या पार्किंगमध्ये आहे. सेकंडहँड घेतली. घरी 'मोठ्या डिकीची फॅमिली गाडी' म्हणून पास करून घेतली, त्यावर चर्चा नको. कंपनीचे आकडे २४५ पीएस (ताकद) आणि ३७० एनएम (टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर). मला ४०० पीएस पाहिजेत, पण इंजिन उघडायचं नाही. ब्लॉक, क्रँक, रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), पिस्टन, बेअरिंगं, सगळं कारखान्यातून आलं तसंच. बाहेरून मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा), डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), पेट्रोलचा हाय प्रेशर पंप आणि रीमॅप (इंजिनाच्या कंप्युटरची नवी सेटिंग).

ज्याला विचारावं तो म्हणतो, "फोर्ज्ड (घडीव) रॉड-पिस्टन टाक, नाहीतर इंजिन बसेल." का बसेल म्हटलं की गप्प.

'हे इंजिन किती पीएस झेलतं' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. रॉडला पीएस कळत नाही. त्याला कळतो वरून बसणारा दाब, आणि तो टॉर्कसोबत चालतो. कॅल्क्युलेटर घ्या. ३००० आरपीएमला ५०० एनएम काढले तर हातात येतात फक्त २१४ पीएस. ६५०० ला ४३२ एनएम असले तर ४०० पीएस. म्हणजे ताकद अर्धी असताना रॉडवर मार जास्त! पण आपल्याकडे खालूनच गाडी ओढली पाहिजे, पाठ सीटला चिकटली पाहिजे. मग छोट्या टर्बोत २५०० लाच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कोंबतात, रॉड वाकतो आणि नाव बदनाम होतं स्टॉक इंजिनाचं.

मी उलटं करणार. खाली बूस्ट मुद्दाम आवरलेला, टॉर्क ४३० वर सपाट, बाकी सगळं वरच्या आरपीएममध्ये. रेड लाइनला (आरपीएमच्या वरच्या मर्यादेला) हात लावायचा नाही, कारण रॉड वाकतो दाबाने पण ओढून तुटतो आरपीएमने, आणि ती ओढ वर्गाने वाढते. ६५०० चे ७००० केले तरी १६ टक्के जास्त.

फोर्ज्ड म्हणजे काही अमरपट्टा नाही. इंजिन उघडून बांधलेल्या निम्म्या गाड्या पिस्टनमुळे नाही, जुळणीमुळे मरतात. बोला.

---

टर्बोतात्या

करून टाक भाऊ. टोयोटा सुप्राचं टू-जेझेड इंजिन बघ. जपानात कागदावर २८० पीएस, आणि लोक मूळ रॉड-पिस्टनवर ७०० च्या वर घेऊन फिरतात. कंपन्या मार्जिन ठेवूनच बनवतात. घाबरणाऱ्यांनी डिझेल घ्यावी.

---

मेकॅनिकल_नापास

तात्या, टू-जेझेडचं उदाहरण आलं की मला सेमिनार हॉलमधली शेवटची रांग आठवते. ते तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं, सात मेन बेअरिंगांचं इंजिन. इथे दोन लिटर आणि चार सिलिंडर. टॉर्क सीसीमध्ये वाटून सिलिंडरमधला सरासरी दाब काढला तर आरएसचा मूळ ३७० एनएमला २३.४ बार येतो. ४३० ला २७.२ बार. याच २७.२ बारला टू-जेझेड ६५० एनएम देऊन बसतं. त्याचं मोठेपण बरंचसं आकारातच आहे, जादू थोडी.

पण याच हिशेबाने धागाकर्त्याचंही थोडं बरोबर निघतं. ताकद ६३ टक्के वाढते आणि दाब फक्त १६ टक्के. रॉडपुरतं मी त्याच्या बाजूने.

---

अंबडचा_लेथवाला

मी ऑनलाइन वाद घालत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. सव्वीस वर्षं अंबड एमआयडीसीत बोरिंग-होनिंग करतोय. ट्रॅक्टरपासून जर्मन गाड्यांपर्यंत सगळं उघडलंय.

तुझा रॉडचा हिशेब बरोबर आहे बाळा. रॉडला पीएस कळत नाही, मान्य. पिस्टनला मात्र कळतो. दाब १६ टक्केच वाढला, पण जळणारं पेट्रोल ताकदीच्या मागे जातं, आणि पेट्रोल जळलं की उष्णता आली. ती ६० टक्क्यांच्या पुढे वाढणार. ती जाते कुठे? पिस्टनच्या टाळूतून रिंगांमध्ये, रिंगांतून बोअरला, तिथून पाण्याला.

रिंगच्या दोन टोकांमध्ये फट असते ना, ती कारखान्याने २४५ पीएसच्या उष्णतेसाठी मोजून दिलीय. रिंग तापली की फुगते, फट मिटते. टोकं एकमेकांना भिडली की रिंगला जायला जागाच उरत नाही, मग ती बोअर खरवडते किंवा पिस्टनचा वरचा काठ उचलून फोडते. त्याला आम्ही रिंग लँड गेली म्हणतो. फोर्ज्ड पिस्टन बसवताना आम्ही ती फट मुद्दाम मोठी घासतो. खरा फायदा निम्मा तिथे आहे, धातू नंतर. तू इंजिन उघडणार नाहीस म्हणजे फट तीच राहणार.

मागच्या दिवाळीनंतर असंच एक जर्मन इंजिन आलं. तीन नंबरच्या पिस्टनचा काठ नखाएवढा उडालेला, रॉड मात्र सरळ. डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद मालकाने लॅमिनेट करून आणला होता. आकडा छान होता.

---

कसाऱ्याचं_वळण

काका, या उत्तरासाठीच धागा काढला होता. फटीचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, खोटं कशाला बोलू.

तरी एक विचारतो. ती ६३ टक्के जास्त उष्णता किती वेळ? रस्त्यावर मी पूर्ण पेडल सहा-सात सेकंद दाबणार, पुढे ट्रक येतोच. पिस्टन तापायला वेळ लागतो, आणि मिश्रण थोडं श्रीमंत (पेट्रोल जास्त) ठेवलं, स्पार्क एक-दोन अंश मागे ठेवला तर?

---

घोटी_टोल_रिटर्न्स

सहा-सात सेकंद? टोपणनाव 'कसाऱ्याचं वळण' ठेवलंस आणि सहा सेकंद म्हणतोस!

माझी गोष्ट ऐक. जुनी आरएस होती माझ्याकडे, १.८ लिटर टर्बो, कंपनीचे १५० पीएस. रीमॅप केला, टर्बो बदलला. डायनोवर एक पुल दहा-पंधरा सेकंदांचा असतो, समोर पंखा, बॉनेट उघडं. मी रविवारी मे महिन्यात मुंबईहून परत येताना कसारा ते इगतपुरी चार माणसं आणि सामान घेऊन चढलो. इंटरकूलर तापला की गार व्हायला उसंतच नाही. वर पोचलो तेव्हा काही झालं नव्हतं. दोन महिन्यांनी आयडलला बारीक थरथर यायला लागली. मेकॅनिक म्हणाला इंजिन माउंटिंग. माउंटिंग बदलली. शेवटी कॉम्प्रेशन मोजलं तर दोन नंबरला कमी. रॉड किंचित वाकलेला, त्यामुळे पिस्टन वर पूर्ण येतच नव्हता. खडखडाट नाही, धूर नाही, काही नाही. इंजिन असं गपचूप बसतं. सिनेमात ब्लॉकमधून रॉड बाहेर येतो तसं काही झालं नाही.

आणि हो, माझा टॉर्कसुद्धा 'सपाट' होता, कागदावर.

---

टर्बोतात्या

चार माणसं आणि सामान घेऊन तू रेस लावलीस ही इंजिनाची चूक नाही.

---

घोटी_टोल_रिटर्न्स

तात्या, रेस नाही, घाट होता. आणि माणसं सासरची होती.

---

निफाडची_बाग

मला रॉड-बिड कळत नाही, ट्रॅक्टर आणि एक थार एवढंच आपलं. पण हा वाद आमच्या बागेतला आहे. वेलीवर घड किती ठेवायचे यावर दरवर्षी भांडण. वेल जोमदार दिसली की माणूस म्हणतो, ठेव अजून दहा. त्या वर्षी माल निघतोही. फरक पुढच्या सालाला पडतो, काडी बारीक येते, घड सुटत नाही. धाकटा भाऊ तुमच्या धागाकर्त्यासारखा, मी त्या लेथवाल्या काकांसारखा.

---

मेकॅनिकल_नापास

उदाहरण झकास, पण वेलीला एप्रिल छाटणी असते. रॉडला नसते.

एक मुद्दा कुणी काढला नाही, तो उंचीचा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. तोच बूस्ट इथे द्यायचा तर टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापून निघते. ट्यून मुंबईत करून आणलास तर इथे येऊन लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) पुन्हा काढ. इनटेकचं तापमान आणि कोणत्या सिलिंडरला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) किती स्पार्क मागे खेचतोय, हे दोन आकडे. डायनोच्या कागदाची किंमत शून्य.

पेट्रोलचंही तेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल नॉकिंगला (मिश्रण अवेळी पेटण्याला) दाबतं, गारवा देतं, हे चांगलंच. पण त्याला जळायला हवा कमी लागते म्हणजे पेट्रोल जास्त ओतावं लागतं, आणि ४०० पीएसला आधीच पंप तोंडाशी आलेला असतो. पंप कमी पडला की मिश्रण कोरडं, आणि कोरडं मिश्रण सहा सेकंदांची वाट बघत नाही. मॅप १०० ऑक्टेनचा आणि रात्री अकराला शिरपूरच्या पुढे लागेल तो पंप, हे जमणार नाही.

---

सातपूर_शिफ्ट

गिअरबॉक्सवर कोणीच कसं बोलत नाही? तुझा ओला क्लचवाला सात गिअरचा डीएसजी, त्याची क्षमता ४२० एनएमच्या आसपास धरतात. तू ४३० म्हणतोस. इंजिनाचं बारसं होईपर्यंत क्लचचं तेरावं होईल. ४३० चे ४०० कर, ३७० पीएस येतील, फरक तुला घड्याळाशिवाय कळणार नाही.

---

नियमात_बसतं_का

रंगात भंग करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. टर्बो बदलणं 'बाहेरचं काम' नाही. विमा कंपनीला कळलं तर अपघातात क्लेमचं काय, हे घरी विचारून ठेव. आणि समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, त्याला २४५ सुद्धा जास्तच होतात.

---

टर्बोतात्या

आले. मी म्हटलंच होतं अजून कसे आले नाहीत.

---

कसाऱ्याचं_वळण

कायद्याचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ट्रॅकवर नेणार हे खरं, पण गाडी ट्रॅकपर्यंत रस्त्यानेच जाते, हेही खरं.

बाकी काकांना एकच. तुम्ही म्हणता तसं उघडून फोर्ज्ड टाकलं, फट घासली, तर मला कोटेशन साडेचार लाखांचं आलंय, आणि ते बसवणाऱ्याने आधी अशी किती इंजिनं बांधली ते तो सांगत नाही. कारखान्याची जुळणी मोडून अनोळखी माणसाच्या हाताची जुळणी घ्यायची, यात धोका कमी कसा?

---

अंबडचा_लेथवाला

हा प्रश्न खरा आहे, आणि इथे मी तुझ्याच बाजूला. बेअरिंगची फट मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजायची असते. निम्मे लोक बोटाने हलवून 'बसलं' म्हणतात. तसल्या हाताने बांधलेल्या फोर्ज्ड इंजिनापेक्षा न उघडलेलं बरं. होनिंगची जाळी चुकली तर नवी रिंग बसतच नाही, तेल पिते. बांधायचं तर मोजून देणाऱ्याकडे, आकडे कागदावर लिहून घेऊन. नाहीतर उघडू नकोस.

पण न उघडता ४०० नको. सातपूरवाला म्हणतो तेवढ्यावर थांब. तेलाचा डबा घेताना त्यावर एपीआय एसपी (तेलाची प्रत) लिहिलंय ना बघ. या थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला पेडल गच्च दाबलं की स्पार्कच्या आधीच पेट घेतो, त्या एका ठोक्यात रिंग लँड जाते. जुन्या प्रतीच्या तेलाने ते जास्त होतं. आणि सहाव्या गिअरला १५०० वर ओव्हरटेक करायचा मोह आवर, डीएसजी असला तरी.

---

टर्बोतात्या

शेवटी ३७० वर आलात. मला ४०० चा व्हिडिओ पाहिजे होता.

---

कसाऱ्याचं_वळण

तात्या, ३७० वर आलो असं अजून म्हटलेलं नाही. टॉर्क ४०० वर धरून ट्यूनर वर किती देतो ते बघतो. काका, टर्बो लावायच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि गळती मोजून द्याल का? नंतर काही बिघडलं तर आधीचे आकडे हातात असलेले बरे.

---

अंबडचा_लेथवाला

ये. गाडी थंड आणू नकोस, पंधरा-वीस मिनिटं चालवून आण. गॅरवारे पॉइंटला आलास की फोन कर, गल्ली सापडत नाही कुणाला. आणि जुने स्पार्क प्लग फेकून देऊ नकोस, कुठल्या सिलिंडरचा कोणता ते लिहून डब्यात ठेव, मला बघायचेत.

---

घोटी_टोल_रिटर्न्स

मीही येतो. तो वाकलेला रॉड अजून घरात आहे, घेऊन येतो. बायकोला वाटतं पेपरवेट आहे.