बोटीला घरातली वायर चालते?

खाडीकर (मूळ पोस्ट): टिन्ड (तांब्यावर कथलाचा थर असलेली) वायर म्हणजे पैसे पाण्यात. घरातली अडीचची (२.५ चौरस मिलिमीटर) एफआर वायर घ्या, टोकाला सोल्डर, वर टेप. काम झालं.

खारवारा: हे वाचून गप्प बसवेना. एफआर म्हणजे आग पसरू न देणारं इन्सुलेशन, खाऱ्या हवेशी त्याचा काय संबंध? ओल उघड्या टोकातून तारांच्या फटींत चढते आणि आतलं तांबं काळं पडतं. वरून वायर नवी, दिवा मंद. प्रत्येक तारेवर कथलाचा थर असला की हे खूप लांबतं.

आणि सरसकट अडीचची कशी? बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) बॅटरीपासून ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर. पंपाने १० अँपिअर खेचले की जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे १२ व्होल्टवर ८ टक्के. सहाची टाका, ०.४ वर येईल.

खाडीकर: लाकडी ट्रॉलर पावसाळी बंदीत दरवर्षी वर चढतोच. तेव्हा स्वस्त वायर बदलायची. महाग माल नौकामालकाच्या गळ्यात का मारता?

खारवारा: डोलकाठीतली आणि डिझेल टाकीमागची वायर दरवर्षी कोण उपसतं? एक तरी बोट दाखवा.

पक्कापाना: वायरीवर काय भांडताय, घोळ त्या सोल्डरमध्ये आहे! सोल्डर तारांत वर चढून टोक कडक करतं. जिथे ते संपतं, तिथेच इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-११ मानकही नुसत्या सोल्डरवर जोड पेलू देत नाही. मापाचा टिन्ड लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा), तो चेपायला रॅचेट क्रिंपर, ओढून बघणं, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). टेप तर उन्हाने सुटतोच.

खाडीकर: आणि पक्कडीने चेपलेले लग? धक्क्यावर तेच चालतं. त्यापेक्षा सोल्डर शंभर पटीने बरं.

पक्कापाना: पक्कडीला क्रिंप म्हणू नका. सोल्डरचा हट्टच असेल तर आधी क्रिंप, मग सोल्डर, आणि जोडाशेजारी क्लिप मारून वायर बांधा.

खारवारा: क्लिप पुढेही दर ४५ सेंटीमीटरवर हवी. जोड बिल्जच्या पाण्याच्या वर. फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत, नाहीतर मधला तुकडा शॉर्ट झाला की पेटलाच.

खाडीकर: बरं बाबा, पंप, नेव्हिगेशन दिवे आणि डोलकाठीला टिन्ड. केबिनमधल्या एलईडीला मात्र घरातलीच टाकणार, तिथे भार किती तो!

खारवारा: टाका, पण मल्टीस्ट्रँड. एकेरी जाड तारेची नको, थरथरीने तीच आधी तुटते.