पहिले गधैया नाणे घ्यायचे आहे, कृपया सल्ला द्यावा

ठाणेवासी: नमस्कार. शिलाहारांनी आमच्या ठाण्यातून राज्य केले, तेव्हा कोकणात चालणारे चांदीचे एक गधैया नाणे संग्रहात असावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. खर्च अडीच हजारांच्या आत बसवायचा आहे. काय पाहून घ्यावे?

जुनीपेटी: घ्यायचेच तर शिलाहार राजा छित्तराज याचे नाव नागरीत असलेले घ्या. 1026 चा भांडुपचा ताम्रपट त्याचाच. माझ्या नाण्यासाठी मी चार वर्षे थांबलो आणि मोजलेल्या रकमेत जुनी दुचाकी आली असती, तरी तो व्यवहार मला आजही योग्यच वाटतो.

भिंगवाला: नाव असलेले नाणे अडीच हजारांत कोणी देऊ लागला, तर आधी संशय घ्या. मी तसे एक घेतले आणि घरी भिंगाखाली धरले, तेव्हा कडेवरून गोल फिरलेली बारीक शिवण आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, म्हणजे ते साच्यात ओतलेले होते. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड चिरते, ठसा एका अंगाला सरकतो, पण शिवण पडत नाही. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. वजन चार ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे.

माळवाप्रेमी: निनावी गधैयाला सरसकट शिलाहारांचे म्हणणे मला मान्य नाही. ती गुजरात, माळवा आणि राजस्थानातही शतकानुशतके चालली. मूळ नमुना इराणचा सासानी राजा पेरोझ याच्या नाण्याचा. नकलेवरून नक्कल होता होता राजाचा चेहरा आणि मागची अग्निवेदी यांच्या जागी रेघा व ठिपके उरले. त्यापेक्षा अजयराज चौहानाची राणी सोमलदेवी हिचे नाणे घ्या.

जुनीपेटी: त्यांनी कोकणातले विचारले आहे, चौहानांचे नव्हे.

पितळीडबा: शिवण पाहाच, हे मीही सांगतो. शिवाय चिंच लावून घासू नका. माझ्या नाण्याचे बारीक ठिपके त्यातच गेले.

ठाणेवासी: सर्वांचे मनापासून आभार. थांबणे जमले नाही. काल निनावीच घेतले, अठराशेला. ते कोकणातलेच असेल असा दावा करत नाही. तोलून घेतले, 4.1 ग्रॅम भरले. ठसा सरकल्याने अर्धा चेहरा कडेबाहेर गेला आहे, परंतु वेदीचे ठिपके बोटाला लागतात आणि कडेला दोन चिरा आहेत. शिवण नाही.