अरुंद दरवाजा म्हणजे ‘आम्ही आत, बाकीचे बाहेर’ असं कोणी ठरवलं?

दौंडकरीण:
काल इथे एकांनी लिहिलं की मत्तय ७:१३-१४ (अरुंद दरवाजाने आत जा, जीवनाकडे नेणारा मार्ग संकोचित आहे आणि ज्यांना तो सापडतो ते थोडके आहेत) अगदी स्पष्ट आहे, अरुंद दरवाजा म्हणजे आपली मंडळी, रुंद रस्ता म्हणजे उरलेलं जग, आणि जे आत आले नाहीत त्यांचा निकाल लागलेलाच आहे. त्याखाली आमेनची रांग. मला रात्री झोप लागली नाही म्हणून वेगळा धागा काढतेय, लांबलं तर लांबू दे.

आमच्या आजीकडे भिंतीवर ते दोन मार्गांचं चित्र होतं, जुन्या ख्रिस्ती घरांतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मूळ जर्मनीतलं, स्टुटगार्टच्या शार्लोटे रायलेन बाईंच्या कल्पनेतून १८६६ च्या सुमारास निघालेलं, पुढे मिशनवाल्यांनी देशोदेशी नेलं. एका बाजूला रुंद रस्ता, त्यावर नाटकगृह, जुगार, दारू. दुसऱ्या बाजूला छोटं दार, चर्च, संडे स्कूल आणि चढण. आणि रुंद रस्त्याच्या वरच्या टोकाला, आग लागलेल्या शहराजवळ, आगगाडी. ती रविवारी धावते म्हणून पापाच्या बाजूला.

माझे वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, रूळ बदलणारे. रविवार असो की नाताळ, ड्युटी लागली की जायचं. मी सात वर्षांची असताना आमच्या तेव्हाच्या पाळकांनी (नाव घेत नाही, ते आता नाहीत) उपासनेत सगळ्यांसमोर म्हटलं की काही कुटुंबप्रमुखांनी रुंद रस्ता धरलाय. आई मान खाली घालून बसली होती. मी घरी येऊन ती आगगाडी बघितली आणि आपले पप्पा त्या आगीत जाणार म्हणून दोन दिवस जेवले नाही.

म्हणून सांगते, त्या ओवीतला मार्ग ‘संकोचित’ आहे असं आपल्या मराठी शास्त्रात आहे ना, तिथला ग्रीक शब्द दाबणं, चेपणं या अर्थाच्या क्रियापदापासून आलाय, थ्लिबो. त्याच मुळाचा थ्लिप्सिस, ज्याला आपण क्लेश, संकट म्हणतो. म्हणजे हा रस्ता चेपणारा आहे, चालणाऱ्याला त्रास देणारा. रात्रपाळी करून, शिव्या खाऊन, कोणाचा एक पैसा न घेता जगलेला माणूस त्या रस्त्यावर नाही, आणि पहिल्या बाकावर बसणारे आहेत, हे मला कोणी पटवून देऊ नये.

शास्त्रप्रेमी:
ती पोस्ट माझीच होती. ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, त्या पाळकांनी तसं बोलायला नको होतं. पण कोणाच्या घरी काय झालं यावरून शास्त्राचा अर्थ बदलत नाही. ‘ज्यांना तो सापडतो ते थोडके आहेत’ हे वाक्य माझं नाही, प्रभूचं आहे. योहान १० मध्ये तोच म्हणतो मी दार आहे. दार एकच. आजकाल सगळ्यांना सगळंच चालतं, लग्नं कुठेही, उपासनेला दांडी, आणि कोणी बोललं की तो कठोर. माझ्या मुलाच्या वयाची १२ पोरं आमच्या तरुण संघात होती, आज ३ येतात. रुंद रस्ता कसा दिसतो ते मी दर रविवारी बघतो.

आणि दरवाजा म्हणजे ओझं टाकणं, हे तर सुईच्या नेढ्यावरूनही कळतं, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, ते वचन. यरुशलेमला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता, रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाचं सामान उतरवून, त्याला गुडघ्यावर बसवून आत घ्यायचे. श्रीमंताने संपत्ती उतरवली, वाकला, तर तोही आत जाईल.

अश्दोदकर:
मी सहसा वाचून गप्प बसतो पण ही उंटाची गोष्ट परत परत ऐकून कंटाळा आलाय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ घर अलिबागच्या बाजूचं, आईबाबा ६८ साली इकडे इस्राएलला आले. यरुशलेमला शंभरदा गेलो असेन. असा दरवाजा येशूच्या काळात होता याचा काहीही पुरावा नाही. आज जो कोट दिसतो तो सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ मध्ये बांधला, त्यातली छोटी खिडकीवजा दारं दाखवून गाईड लोक हीच गोष्ट सांगतात. अशी म्हण आमच्या तालमूदमध्येही (ज्यू गुरूंच्या चर्चांचा जुना ग्रंथ) आहे, तिथे सुईच्या नेढ्यातून हत्ती जातो. अशक्य गोष्ट सांगायची तेव्हाची पद्धत आहे ती, तिथे कुठलं गेट नाही.

शास्त्रप्रेमी:
मी २०१४ ला स्वतः जाऊन आलोय, मंडळीच्या टूरबरोबर. गाईडने हात लावून दाखवलंय. फोटो आहे माझ्याकडे.

अश्दोदकर:
फोटो दाराचा असेल, दादा. पहिल्या शतकाचा नाही.

शास्त्रप्रेमी:
तुम्हाला नवा करार मान्यच नाही, मग त्यातल्या उंटाचं तुम्ही आम्हाला काय शिकवणार?

अश्दोदकर:
हे वाक्य मला लागलं. बोलणारा ज्यू, त्याचे ऐकणारे ज्यू, गाव ज्यू, आणि मी त्या गावाच्या दरवाजाबद्दल बोललो तर तो माझा विषय नाही? माझी आजी कोकणातल्या घरी दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (आत शास्त्रवचन ठेवलेली छोटी डबी) बोट लावून ते ओठाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती. अनुवाद ६:९, घराच्या चौकटींवर आणि वेशींवर लिही. दरवाजा काय असतो ते आम्ही लहानपणापासून हाताने शिकलोय.

वसईची_लेक:
शास्त्रप्रेमी, माफी मागा आधी.

आणि उंटाचा निकाल त्याच अध्यायात आहे की. मत्तय १९. हे ऐकून शिष्य फार थक्क झाले आणि म्हणाले, मग कोणाचं तारण होणार? उंटाला नुसतं गुडघ्यावर बसवून जमणार असतं तर थक्क व्हायचं कारण काय? प्रभू पुढे म्हणतो माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य. तुम्ही तो दरवाजा आणून बसवलात की श्रीमंताची सोय होते, थोडं वाकलं की झालं. मूळ वाक्य त्याला एवढी सवलत देत नाही.

शास्त्रप्रेमी:
शिष्य थक्क झाले हा मुद्दा बरोबर आहे. मी त्या बाजूने विचार केला नव्हता. उंटाचं मागे घेतो. अश्दोदकर, ते वाक्य रागात लिहिलं, चूक झाली. पण ‘थोडके’ मी सोडणार नाही.

अश्दोदकर:
ठीक आहे.

मग मूळ विषयावर एकच सांगतो. तनाखमध्ये, म्हणजे तुम्ही ज्याला जुना करार म्हणता त्यात, वेस म्हणजे नुसती आत-बाहेर करायची जागा नव्हे. तिथे गावाचा न्याय व्हायचा. बवाज रूथचा प्रश्न सोडवायला वेशीत जाऊन बसतो, दहा वडीलधाऱ्यांना बोलावतो, आणि एका परक्या मवाबी विधवेला गावात जागा मिळते. आमोस संदेष्टा ओरडतो की वेशीत न्याय स्थापा, कारण तिथे गरिबांना हाकलत होते. उत्तरेत तेल दानला उत्खननात वेशीजवळ बसायचे दगडी कट्टे सापडलेत, मी त्यांच्याजवळ उभा राहिलोय. ‘दरवाजा’ ऐकल्यावर त्या लोकांच्या डोळ्यांसमोर कुलूप आलं नसेल, तिथे बसलेली माणसं आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली विधवा आली असेल.

वसईची_लेक:
हे मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या कॅथलिकांकडे दार म्हटलं की पवित्र दरवाजा, जुबिलीचा, म्हणजे पवित्र वर्षात उघडतात तो. २०२४ च्या नाताळच्या आदल्या रात्री पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सचा उघडला आणि दोन दिवसांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात जाऊन तिथलाही उघडला. कैद्यांसाठी. मी तो व्हिडिओ आईला दाखवला, ती रडली, कारण माझा मामा चार वर्षं आत होता आणि आमच्या पॅरिशमधल्या काही घरांनी तेव्हापासून आमच्याकडे येणं बंद केलं. अजून बंद आहे.

बेथलेहेमला जन्माच्या चर्चचं दार चारेक फूट उंच आहे. पूर्वी मोठं होतं, नंतर बुजवून लहान केलं, घोड्यावरून कोणी आत घुसू नये म्हणून असं सांगतात. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तिला वाकता येईना, मागच्या बाईने तिच्या डोक्यावर हात धरला लागू नये म्हणून. ती बाई कुठल्या देशाची, कुठल्या पंथाची, आम्हाला माहीत नाही.

शास्त्रप्रेमी:
छान आठवण आहे. पण लूक १३ मध्ये घरधनी उठून दार बंद करतो, हेही वाचा. दार कायम उघडं राहणार नाही.

दौंडकरीण:
लूक १३ तुम्हीच काढलंत ते बरं झालं, मी त्याचीच वाट बघत होते. एकजण विचारतो, तारण पावणारे थोडके आहेत का? तुमचाच प्रश्न. प्रभू आकडा सांगत नाही. तो म्हणतो अरुंद दरवाजाने आत जायचा नेटाने यत्न करा. तुम्ही, म्हणजे विचारणारे. शेजाऱ्याचं काय होईल ते नाही सांगितलं. आणि दार बंद झाल्यावर बाहेरून ठोठावणारे कोण आहेत? तुमच्यासमोर आम्ही जेवलो, तुम्ही आमच्या रस्त्यांत शिकवलंत, असं म्हणणारे. ओळखीचे लोक. आणि पूर्व पश्चिम उत्तर दक्षिण इथून लोक येऊन पंक्तीला बसतात. मत्तयातसुद्धा दरवाजाच्या लगेच आधीची ओवी काय आहे? लोकांनी तुमच्याशी जसं वागावं वाटतं तसं तुम्ही वागा. हाच अरुंद आहे, तुम्ही करून बघा एक आठवडा.

शास्त्रप्रेमी:
‘विचारणारे’ हा मुद्दा मला आत्ता टाळता येत नाही. तरी मत्तयात ‘थोडके’ लिहिलंय ते लिहिलंयच.

दौंडकरीण:
लिहिलंय. मी ते खोडत नाहीये. त्यात कोण बसतं ते तुम्ही मोजू नका एवढंच म्हणतेय.

वसईची_लेक:
ताई, ते चित्र अजून आहे का?

दौंडकरीण:
आहे. पप्पा रिटायर झाले त्या वर्षी आजीने स्वतः भिंतीवरून काढलं आणि त्या खिळ्याला त्यांचा हातातला जुना कंदील टांगला, लाल-हिरव्या काचेचा. चित्र भावाकडे माळ्यावर आहे.