सर्व्हिसिंगहून गाडी आली ती ओरखडा घेऊनच

शनिवारी नाशिकला दुसरी फ्री सर्व्हिस झाली. गाडी अंधारात ताब्यात घेतली, सही ठोकली, निघालो. (गाढवपणा माझाच.) सकाळी उन्हात बघतो तर मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा, नख अडकतं इतका खोल. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार म्हणतो, "आधीचंच असेल साहेब." काय करू?

उत्तर १: जॉब कार्ड काढा. गाडी आत घेताना जुने ओरखडे, पोचे त्यावरच्या गाडीच्या चित्रात खुणा करून नोंदवतात. चित्रात ते दार कोरं असेल तर बोलणार काय ते?

उत्तर २: गोल रेघा म्हणजे मळकं फडकं फिरवलंय. त्या वरच्या क्लिअर कोटमधल्या (रंगावरचा पारदर्शक थर), मशीन पॉलिशने बहुतेक जातील. नख अडकतंय तिथे मात्र दार रंगवावंच लागेल. "इन्शुरन्समधून करू" म्हणाले तर नको म्हणा, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुमचा जाईल.

उत्तर ३: फोनवर वाद घालू नका. फोटोंसकट मॅनेजरला ईमेल करा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

मूळ प्रश्नकर्ता: कार्ड सापडलं, डिक्कीत स्टेपनीखाली! दार कोरं आहे. ईमेल टाकतोय.