मदत हवी आहे : विगनचे कर्णधार जिम सलिव्हन
नमस्कार. रग्बी लीगमधील (13 खेळाडूंच्या रग्बीतील) इंग्लंडच्या विगन संघाचे एकेकाळचे कर्णधार जिम सलिव्हन यांच्यावर मी लेख लिहीत आहे. 1925 मध्ये फ्लिम्बी अँड फॉदरगिल या संघाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात 22 गोल (किकने चेंडू दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून पार करणे) मारले, आणि 1929 मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर पहिल्यांदाच झालेल्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिले गुणही त्यांच्याच पेनल्टी किकने मिळाले. पावसात भिजून जड होणाऱ्या चामडी चेंडूने कारकिर्दीत 2,800 हून अधिक गोल करणाऱ्या या खेळाडूची किक मारण्याची पद्धत मला नेमकी मांडायची आहे. तिच्यावाचून हे आकडे कोरडेच राहतील. लँकशायरमध्ये राहणाऱ्या कोणा वाचकाला विगनच्या ग्रंथालयात त्या काळच्या वृत्तपत्रांतील सामन्यांची वर्णने पाहून त्या वर्णनांची छायाचित्रे पाठवता येतील का?