धावण्याची नोंद ठेवायला कोणतं ॲप? (अनुभव धागा)

पाऊस ओसरला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या सरावाला माणसं बाहेर पडतात आणि तोच प्रश्न फिरून येतो, 'फोनवर कोणतं ॲप टाकू?' उत्तरं एका शब्दात मिळतात: स्ट्राव्हा, नायकी, रनकीपर. त्या एका शब्दाचा विचारणाऱ्याला काडीचा उपयोग होत नाही. म्हणून हा धागा. आपलं आवडतं ॲप कोणतं यापेक्षा ते कुठे गंडतं, का गंडतं आणि मग काय करायचं, हे लिहा. 'मस्त आहे, वापरून बघा' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

पायपीट

नकाशावर वळणाचा रस्ता सोडून सोसायट्यांच्या गच्च्यांवरून गेलेली सरळ रेघ दिसली, की शिव्या ॲपला बसतात. गुन्हेगार बहुतेक वेळा फोनची बॅटरी बचत असते. स्क्रीन बंद झाली की काही फोन मागे चालू असलेलं ॲप गुपचूप झोपवतात. पाच मिनिटांनी ते जागं होतं, आणि मधल्या नोंदी नसल्यामुळे दोन टोकं रेघेने जोडून मोकळं होतं. अशा फोनवर ॲप बदलून काही होत नाही. पुढचंही झोपतं.

अँड्रॉइडवर चार गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनवर त्याला 'नो रिस्ट्रिक्शन्स' म्हणतात. 'ऑटोस्टार्ट' असा पर्याय असेल तर तो चालू करा. लोकेशनच्या परवानगीत 'प्रिसाइज लोकेशन'चं बटण चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर फोन तुमचा फक्त साधारण परिसर सांगतो आणि धाव म्हणून बेडूकउड्या उमटतात. आयफोनवरही हे बटण आहे. शेवटचं म्हणजे धावताना बॅटरी सेव्हर बंद. बॅटरी २० टक्क्यांवर आली की तो आपोआप चालू होणार नाही, हेही बघून ठेवा, कारण लांब धावेच्या शेवटच्या टप्प्यातच तो घात करतो.

मग चाचणी. स्क्रीन बंद करून फोन खिशात ठेवा, १५ मिनिटं वळणावळणाने चालून या आणि रेघ बघा. ती सलग असेल तरच पुढे कोणतं ॲप चांगलं यावर बोलण्यात अर्थ.

आकाशदर्शन

वर 'पायपीट' यांनी लिहिलंय त्याला जोड. 'स्टार्ट' दाबायची घाई नको. प्रत्येक जीपीएस उपग्रह आपली नेमकी कक्षा सांगणारा मजकूर ३० सेकंदांत एकदा पूर्ण करतो. फोन हीच माहिती इंटरनेटवरून आधीच उचलतो, म्हणून एरवी जागा चटकन सापडते. बॅटरी वाचवायला फोन एरोप्लेन मोडवर टाकून लगेच पळत सुटलात, की ती सोय गेली आणि पहिले दोन-तीनशे मीटर गेले. एरोप्लेन मोड हवाच असेल तर जागा पक्की झाल्यावर टाका.

जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये उभं राहून सुरुवात करू नका. मोकळ्या आभाळाखाली फोन ५ मीटरच्या आसपास चुकतो, तेवढं चालतं. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांत हाच फोन २०-३० मीटर सहज भरकटतो, कारण उपग्रहाचा संदेश सरळ न येता भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो. तिथून पाच मिनिटांवरच्या मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या बाजूने धावलात, तर अर्धं आभाळ मोकळं असतं आणि रेघ सुतासारखी येते.

नवा फोन घेत असाल तर एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारता घेणारा बघा. भिंतीवरून परतलेला संदेश एल-५ वर ओळखणं सोपं जातं. अँड्रॉइडवर 'जीपीएस टेस्ट' हे मोफत ॲप उघडलं की कोणते उपग्रह कोणत्या वारंवारतेवर दिसतायत ते कळतं. आपली भारतीय उपग्रह यंत्रणा 'नाविक'ही एल-५ वर बोलते. ढगांनी काही बिघडत नाही. भिजलेल्या दाट झाडीने बिघडतं.

सातचा_पेस

ॲप निवडताना मी एकच बघेन: पडद्यावर आणि कानात 'आत्ताचा पेस' (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) सोडून चालू किलोमीटरचा सरासरी पेस मिळतो का. आत्ताचा पेस दर दोन-चार सेकंदांच्या जागेवरून काढलेला असतो. जागाच ५ मीटर इकडेतिकडे असेल तर तो ५:३० आणि ७:१० यांच्यामध्ये नाचणारच. त्याच्या मागे लागून वेग कमी-जास्त करणं म्हणजे स्वतःची दमछाक.

स्पर्धेत वेगळीच गंमत असते. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची, पण फोन २१.४ दाखवतो आणि लोक आयोजकांशी भांडायला जातात. मार्ग मोजतात तो प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या वाटेने. शिवाय तो चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक इतकं अंतर मुद्दाम वाढवतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये ते ४२ मीटर होतं. आपण गर्दीतून नागमोडी जातो, त्यात जीपीएसची भर पडते.

आता हिशोब. दोन तासांत हाफ संपवायची तर ५:४१ चा पेस लागतो. फोन २१.४ मोजणार असेल, तर फोनवर ५:३६ दिसायला हवा. फोनवर ५:४१ बघत निवांत राहिलात, तर शेवटची कमान येईपर्यंत दोन तासांवर दीड-पावणेदोन मिनिटं गेलेली असतात. यावर उपाय हाताने लॅप (एका टप्प्याची वेगळी नोंद) दाबण्याचा: ऑटो लॅप बंद ठेवायचा आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की दाबायचं. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही ते सरावाला ठीक, स्पर्धेला नाही.

आणि ऑटो पॉज (थांबलात की नोंदही आपोआप थांबवणारी सोय) स्पर्धेत बंद. पाण्याच्या टेबलापाशी तुम्ही थांबता, घड्याळ थांबत नाही.

चारशे_मीटर

ट्रॅकवर धावणाऱ्यांसाठी थोडक्यात. फोनवर विश्वास नको, फेऱ्या मोजा. पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची, दुसरीची ४०७ आणि आठवीची ४५३. आठव्या लेनमध्ये २५ फेऱ्या मारून '१० किलोमीटर झाले' असं लिहिलंत, तर प्रत्यक्षात ११.३ झालेले असतात. फोन वळणं कापतो, म्हणून तोही अंतर कमी दाखवू शकतो.

घाटवाट

चढाचे आकडे हे सगळ्याच ॲपचं दुखणं आहे. जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून बरीच ॲप फोनची उंची टाकून देतात आणि तयार नकाशातून जमिनीची उंची उचलतात. सपाट रस्त्यावर ते चालतं. घाटात रस्ता डोंगर कापून काढलेला असतो. रेघ १० मीटर बाजूला सरकली तर नकाशाच्या मते तुम्ही एकदम वरच्या कड्यावर जाता, पुढच्या क्षणी खाली येता, आणि अशा खोट्या चढांची बेरीज होत राहते. पुलावर याच्या उलट होतं: वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तुम्ही पाण्याच्या कितीही वर असलात तरी नकाशाला खाली समुद्रच दिसतो.

ताडून बघायला सिंहगड उत्तम. आतकरवाडीची पायवाट अडीच-पावणेतीन किलोमीटरची आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. त्या वाटेवर तुमचं ॲप नऊशे दाखवत असेल, तर त्याचे बाकी घाटांतले आकडेही त्याच मापाने कमी करून वाचा.

फोनमध्ये किंवा घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल, तर चढाचे आकडे पुष्कळ सुधारतात. पण त्याचं बारीक छिद्र घामाने किंवा कव्हरने बुजलं की तोही बरळतो. वादळी हवा असेल तर बसल्या जागी 'चढ' होतो, कारण दाब १ हेक्टापास्कलने उतरला की उंची साधारण ८ मीटरने वाढलेली दिसते.

दुसरा_आठवडा

अगदी नव्या लोकांना वरचं सगळं वाचून घाम फुटेल. त्यांनी नकाशा विसरून मध्यांतरं सांगणारं ॲप घ्यावं. 'काउच टू ५के' हा शून्यापासून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा क्रम, आठवड्यातून ३ दिवस. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालणं, मग ६० सेकंद धाव आणि ९० सेकंद चाल असं २० मिनिटं. फोन 'धावा', 'चाला' एवढं सांगतो आणि सुरुवातीला तेवढंच हवं असतं. नायकी रन क्लबमध्ये कानात बोलणाऱ्या प्रशिक्षकाबरोबरच्या धावा फुकट आहेत, त्याही चांगल्या.

ॲपमध्ये बघायचं ते हे की सूचना येताना गाणं नुसतं हळू होतं की बंद पडतं. बंद पडून परत सुरू न होणारी ॲप दोन दिवसांत डोक्यात जातात.

कुलूपकिल्ली

स्ट्राव्हा टाकल्यावर पहिली धाव करायच्या आधी 'प्रायव्हसी कंट्रोल्स'मध्ये जा. २०१८ च्या जानेवारीत त्यांच्या जगभराच्या उष्णता-नकाशावर (लोक जिथे जास्त धावतात त्या वाटा उजळ दाखवणारा नकाशा) लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा उजळलेल्या सापडल्या आणि गाजावाजा झाला. तुमचं घर तळ नसलं तरी रोज पहाटे साडेपाचला एकाच फाटकापासून सुरू होणारी रेघ पुरेसं सांगते.

धावांची दृश्यता 'फॉलोअर्स' करा, फॉलोअर्सना परवानगी लागेल असं ठेवा, आणि घराच्या पत्त्याभोवतीचा सुरुवात-शेवट नकाशावर लपवा. शेजारच्या गल्लीपुरतं लपवून भागत नाही, निदान ६०० ते ८०० मीटर ठेवा. सोबत धावणाऱ्या मैत्रिणीची नोंद उघडी असेल तर तुमचं लपवणं वाया, तेव्हा गटाने एकदम करा.

घरच्यांना आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून वेगळं ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं. तासाभराची धाव असेल तर ८ तासांचं लावून परतल्यावर बंद करा, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत ते संपतं आणि घरून फोन येतो.

जुना_हिशोब

माझ्या मते ॲप निवडण्याची खरी कसोटी बाहेर पडायचं दार, म्हणजे आपल्या नोंदी ॲपमधून बाहेर काढता येणं. गूगलचं 'माय ट्रॅक्स' ३० एप्रिल २०१६ ला बंद झालं, 'एंडोमोंडो' ३१ डिसेंबर २०२० ला. नोंदी वेळेत उतरवून घेतल्या त्यांच्याच राहिल्या.

फायलींचे तीन प्रकार लक्षात ठेवा. जीपीएक्स सगळीकडे उघडते, पण मुळात ती फक्त वाट आणि वेळ ठेवते; हृदयाचे ठोके आणि पावलं जोडपत्रासारखी येतात आणि कधी गळतात. टीसीएक्समध्ये लॅप आणि ठोके नीट येतात. एफआयटी घड्याळाची मूळ फाइल, तिच्यात सगळं. मिळत असेल तर तीच ठेवा.

स्ट्राव्हाच्या फोनवरच्या ॲपमध्ये हे शोधत बसू नका, संगणकावर संकेतस्थळ उघडा. एका धावेची फाइल त्या धावेच्या पानावरच्या तीन टिंबांत मिळते. सगळा इतिहास एकगठ्ठा हवा असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये, खातं उतरवून घ्या किंवा काढून टाका अशा शीर्षकाखाली विनंती करायची. झिप फाइलचा दुवा ईमेलवर येतो. शीर्षक बघून घाबरू नका, पण बटण मात्र बघून दाबा. दोन्ही एकाच पानावर आहेत. रनकीपरमध्येही अशी सोय संकेतस्थळावर आहे.

कोणाकडेच नोंद ठेवायची नसेल तर 'ओपनट्रॅक्स' घ्या. ते गूगलच्या त्याच 'माय ट्रॅक्स'च्या उघड्या कोडमधून पुढे आलेलं आहे, एफ-ड्रॉइडवर (उघड्या कोडच्या मोफत ॲपचं दुकान) मिळतं आणि इंटरनेटची परवानगीच मागत नाही. नोंदी फक्त फोनमध्ये, म्हणजे फोन हरवला की त्याही गेल्या. एखादा फोल्डर ठरवून दर धावेनंतर आपोआप एक्सपोर्ट लावून ठेवा. शाबासकी देणारे मित्र नाहीत, स्पर्धा नाही. काहींना त्यामुळे कंटाळा येतो, काहींना हेच हवं असतं.

ठोके_मोजा

कॅलरीचा आकडा बघून वडापाव खाणाऱ्यांसाठी: धावताना साधारण प्रत्येक किलो वजनामागे प्रत्येक किलोमीटरला १ किलोकॅलरी. ७० किलोच्या माणसाला ५ किलोमीटरला ३५०. ॲप ५०० सांगत असेल तर प्रोफाइलमधलं वजन तपासा. वजन न भरलेलं असलं की ॲप मनचं धरून चालतं.

मनगटावरच्या घड्याळाने ठोके एकदम १७० दाखवले आणि श्वास तर आरामात असेल, तर ते ठोके नसून तुमची मिनिटाला पडणारी पावलं असू शकतात. पट्टा सैल असला की प्रकाशाच्या सेन्सरला हाताचा झोकाच ठोका वाटतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. नाहीतर छातीचा पट्टा. घेताना ब्लूटूथ आहे ना बघा, नुसता एएनटी प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) असेल तर बहुतेक फोनना तो दिसत नाही. बांधताना आतली बाजू पाण्याने ओली करा, कोरड्या पट्ट्याची पहिली दहा मिनिटं बेभरवशाची.

ट्रेडमिलवर फोन समोरच्या खाचेत ठेवला तर त्याला एकही पाऊल कळत नाही. कमरेच्या पट्ट्यात ठेवा, 'इनडोअर' निवडा आणि शेवटी मशीनवरचं अंतर हाताने भरा.

पाऊसपाणी

पावसात सगळ्यात जास्त धावा बुडतात त्या जीपीएसमुळे नव्हे, ओल्या पडद्यामुळे. थेंब आणि ओलं कापड घासून पडदा आपोआप दाबला जातो, 'पॉज' होतं आणि पुढचे चार किलोमीटर कोरे. धाव सुरू केली की ॲपमधलं कुलपाचं चिन्ह दाबायचं. ते नसेल तर स्क्रीन बंद करून फोन उलटा, पडदा बाहेरच्या बाजूला ठेवून झिपच्या पिशवीत. आत कागदी रुमालाची एक घडी, कारण घामाची वाफ आतूनच धरते. चार्जिंगच्या खाचेत ओल आहे असा इशारा आला तर तासभर चार्जर लावू नका.

सातचा_पेस

एक राहिलं. घड्याळ आणि फोन दोन्ही एकाच खात्याला जोडले की एक धाव दोनदा चढते आणि आठवड्याचे ४० किलोमीटर ८० होतात. ज्यात ठोके आहेत ती नोंद ठेवा, दुसरी काढा, आणि फोनच्या ॲपची जोडणी तोडून फक्त घड्याळाची ठेवा. हेल्थ कनेक्टमध्ये (अँड्रॉइडवर वेगवेगळ्या ॲपच्या नोंदी एकत्र आणणारी सोय) तेच: लिहायची परवानगी एकालाच, बाकीच्यांना फक्त वाचायची.